न खणता पाणी कसं कळतं?

(कोजागरी पौर्णिमेला, १६ ऑक्टोबर २०२४ रोजी, सोसायटीच्या गच्चीवर केलेले भाषण)



दूध आटेपर्यंत काहीतरी बोला, असं सेक्रेटरींनी सांगितलंय. मास्तराला एवढं पुरे!

पूर्वेला बघा, तो तेजस्वी ठिपका म्हणजे गुरू. त्याच्या चार मोठ्या चंद्रांपैकी एक युरोपा, आपल्या चंद्राहून जरासा लहान. परवा सोमवारी रात्री आपली जेवणं चालली होती, तेव्हा नासाचं 'युरोपा क्लिपर' यान अमेरिकेतून तिकडं निघालं. प्रवास सुमारे २९० कोटी किलोमीटरचा. पोहोचणार एप्रिल २०३० मध्ये.

तिथं वर बर्फाचं जाड कवच आहे आणि खाली खारा समुद्र. पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या दुप्पट पाणी असावं, असा अंदाज आहे. हे ऐकल्यावर धाराशिवचा माणूस पहिलं काय विचारील? खणल्याशिवाय कळलं कसं?

हा प्रश्न आपल्याला महागात पडलाय. सोसायटीचा पहिला बोअर जुन्या सभासदांना आठवत असेल. पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला, आपण टाळ्या वाजवल्या, आणि चारशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा निघाला. वर्गणी मातीत गेली. त्या ठरावावर माझीही सही होती. विज्ञान शिकवणाऱ्याची!

शास्त्रज्ञांनी काय केलं ते ऐका. १९९५ ते २००३ या काळात 'गॅलिलिओ' यान गुरूभोवती फिरलं. युरोपाजवळ गुरूचं चुंबकीय क्षेत्र सारखं बदलत असतं. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळं युरोपातही क्षीण चुंबकत्व तयार होतं. यानानं ते मोजलं. तरीही शास्त्रज्ञ 'समुद्र असावा' असंच म्हणतात. खात्रीसाठी आता क्लिपर चाललंय.

तेही तिथं उतरणार नाही. गुरूभोवतीचा किरणोत्सर्ग भयंकर, म्हणून ते जवळून ४९ फेऱ्या मारील, कधी अवघ्या २५ किलोमीटरवरून. रडारनं बर्फाच्या आतलं बघील, चुंबकत्व पुन्हा मोजील. जीव शोधणं हे त्याचं काम नाही. जिवाला जगता येईल अशी परिस्थिती आहे का, एवढंच तपासायचं. यंत्रांच्या पेटीवरच्या पत्र्यावर १०३ भाषांमधल्या 'पाणी' या शब्दाच्या ध्वनिलहरी कोरल्या आहेत.

पाण्याची किंमत आपल्याला कोणी सांगायला नको. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. टँकरमागं घागरी घेऊन आपणही पळालोय.

पुढच्या सभेत नव्या बोअरचा विषय आहे. माझा विरोध नाही. पण आधी चालू बोअरची पातळी दर महिन्याला मोजून वहीत लिहू. ती वही भूजल सर्वेक्षणवाल्यांना दाखवू, गच्चीचं पावसाचं पाणी जमिनीत मुरवू, आणि मग ठरवू. वही मी लिहितो. पातळी मोजायला मुलांनी यावं.

यान पोहोचेल तेव्हा आपली वही साडेपाच वर्षांची झालेली असेल. आज तिसरीत असलेली मुलं तेव्हा आठवीत असतील. त्यांनी 'बोअर इथंच का घेतला?' असं विचारलं, तर नारळाकडं बोट दाखवायची वेळ येऊ नये.

दूध आटलेलं दिसतंय. थांबतो.