भुत्याचा डिंक आणि पोटावरची पिशवी

सातपुड्याच्या रानात पांढऱ्या, गुळगुळीत सालीचं एक झाड आहे. नाव कांडोळ, पण पानगळीनंतर चांदण्यात त्याचं खोड असं उजळतं की लोक त्याला भुत्या म्हणतात. सालीला खाच दिली की डिंक पाझरतो. बाजारात तो कराया डिंक म्हणून विकला जातो. पाण्यात तो विरघळण्याऐवजी फुगतो आणि चिकटून बसतो, म्हणून कवळी बसवायच्या पावडरीत तो घालत. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचे सर्जन डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी ही पावडर वेगळ्याच जागी लावली: रुग्णाच्या पोटावर, स्टोमाभोवतीच्या सोलून निघालेल्या कातडीवर.

स्टोमा म्हणजे ग्रीक भाषेत तोंड. आतड्याचा कर्करोग, अल्सरेटिव्ह कोलायटिस, अपघात किंवा जन्मतः गुदद्वारच नसणं, अशा वेळी आतड्याचं टोक पोटातून बाहेर काढून कातडीला शिवतात. मोठं आतडं असेल तर कोलोस्टोमी, लहान आतडं असेल तर इलिओस्टोमी, लघवीसाठी वाट केली तर युरोस्टोमी. काहींची ती कायमची असते, काहींची काही महिन्यांनी बंद करतात. घरात मात्र एवढंच बोललं जातं, ‘संडासची जागा पोटावर काढली’, आणि तेही दार लावून.

शस्त्रक्रिया जुनी आहे. १७९३मध्ये फ्रान्समधल्या ब्रेस्ट इथे द्यूरे नावाच्या सर्जननं अवघ्या काही दिवसांच्या बाळावर कोलोस्टोमी केली आणि ते मूल पुढे पंचेचाळीस वर्षं जगलं. जीव वाचत होता. पण त्यानंतरचे दिवस फडकी, वास आणि जळजळ यांत जात. इलिओस्टोमीत तर पाचकरस थेट कातडीवर येतात आणि तिलाच पचवू लागतात. हे कोडं सोडवण्यात रुग्णांचा आणि परिचारिकांचा वाटा फार मोठा आहे.

नॉर्मा गिल या टर्नबुल यांच्याच रुग्ण. स्वतःची इलिओस्टोमी सांभाळत त्या इतर रुग्णांना शिकवू लागल्या. १९५८मध्ये टर्नबुल यांनी त्यांना याच कामासाठी नेमलं, आणि १९६१मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये या कामाचं प्रशिक्षण सुरू झालं. तिकडे डेन्मार्कमध्ये एलिसे सोरेन्सन ही परिचारिका अस्वस्थ होती. स्टोमा झालेली तिची बहीण थोरा घराबाहेर पडायला धजत नव्हती. एलिसेनं १९५४मध्ये कातडीला चिकटणारी, वापरून टाकून देता येईल अशी पिशवी सुचवली. आजच्या पिशव्या त्याच कल्पनेतून आल्या.

श्रोतेहो, निरोगी स्टोमा गालाच्या आतल्या बाजूसारखा लाल आणि ओलसर असतो. त्याला स्पर्शाची वेदना नसते; पुसताना थोडं रक्त आलं तर घाबरू नये. तो काळा-निळा पडला तर मात्र ताबडतोब रुग्णालय गाठावं. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी, नाहीतर वजनानं सुटते. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत स्टोमा आक्रसतो. घरोघरी इथेच चूक होते: पिशवी कातडीला चिकटवणाऱ्या चकतीला जुन्याच मापाचं भोक कापत राहतात, उघडी राहिलेली कातडी जळते, आणि दोष पिशवीला दिला जातो.

अंघोळ, प्रवास, नोकरी, सगळं जमतं. इलिओस्टोमी असेल तर ओलं खोबरं, मक्याचे दाणे, शेंगदाणे बारीक चावून खावेत. जुलाबासारखं वाहू लागलं तर नुसतं पाणी पुरत नाही, क्षारसंजीवनी लागते.

आणि सगळ्यांत आधीचं काम, जे शस्त्रक्रियेपूर्वीच व्हायला हवं. स्टोमा नर्स रुग्णाला बसवते, उभं करते, वाकायला लावते. घडी कुठे पडते, पँटचा पट्टा कुठे येतो, रुग्णाला स्वतःला जागा दिसते का, हे पाहून पोटावर पेनानं खूण करते. खूण चुकली की चकती नेमकी घडीवर येते आणि गळत राहते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात या कामासाठी नर्सेसना तयार करतात. पण सगळीकडे अशी नर्स नसते. जिथे ती नसते, तिथे नातेवाइकांनीच डॉक्टरांना विचारावं, ‘खूण केव्हा करणार?’ रुग्ण साडी नेसणारी असेल तर त्या वेळी तिला तिची रोजची साडी नेसू द्यावी. रुग्णालयाच्या झग्यात निऱ्या कुठे खोचल्या जातात, ते कळत नाही.