आमेन कशाला म्हणू? : अन्य भाषा, आपण आणि केडगाव

 

आजचा विषय मी बरेच दिवस टाळत होते. 'अन्य भाषांत बोलणं'. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काही ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये प्रार्थना करताना लोक अचानक अशा आवाजांत बोलू लागतात, जी मराठी नसते, हिंदी नसते, कुठलीच ओळखीची भाषा नसते. हे पवित्र आत्म्याचं दान आहे असं ते मानतात. आणि काही ठिकाणी याच्याही पुढे जाऊन सांगितलं जातं की हे दान नसेल तर तुला आत्मा मिळालेलाच नाही.

यावर मी आज बोलणार आहे, कारण दोन वर्षं मी हे खोटं खोटं केलंय.

बारावीच्या सुट्टीतली गोष्ट. आमचा यूथ कॅम्प होता. शेवटची रात्र. हॉलमधले लाइट मंद केलेले, कीबोर्डवर एकच सूर अर्धा तास चाललेला. बाहेरून आलेले पास्टर म्हणाले, "डोकं बाजूला ठेवा, जीभ सैल सोडा, हालेलुया भरभर म्हणत राहा, बाकीचं आत्मा करेल." मग म्हणाले, ज्यांना मिळालं त्यांनी उजवीकडे उभं राहा. डावीकडे आम्ही अकरा जण उरलो. मग आठ. मग चार. उजवीकडचे सगळे आमच्याकडे हात करून मोठमोठ्याने प्रार्थना करताहेत. सतरा वर्षांच्या मुलीला तिथे काय वाटत असेल, विचार करा.

मी डोळे मिटले आणि पास्टरांच्याच तोंडचे दोन-तीन आवाज उलटसुलट करून म्हणायला लागले. लगेच टाळ्या. कोणीतरी मिठी मारली. मी उजवीकडे गेले.

डावीकडे शेवटी माझी जवळची मैत्रीण उरली. तिला काही येईना. तिला सांगितलं गेलं, "तुझ्या मनात लपवलेलं पाप आहे, ते आधी कबूल कर." ती रडत होती. त्या रात्री खोटं मी बोलले आणि पापी ती ठरली. पुढे कित्येक महिने ती आपलं नेमकं कुठलं पाप आहे ते शोधत राहिली. मग तिने चर्चला येणंच सोडलं.

मी मात्र सुरूच ठेवलं. दर रविवारी. आईला अभिमान वाटायचा. थांबले ती आजीमुळे. एकदा घरी प्रार्थना होती आणि मी जोरात तेच सुरू केलं. संपल्यावर सगळे आमेन म्हणाले, आजी गप्प. नंतर स्वयंपाकघरात मला म्हणाली, "अगं, काय बोललीस तू? मला एक शब्द कळला नाही. मग मी आमेन कशाला म्हणू?"

मला तेव्हा रागच आला. नंतर बायबल उघडलं, तर आजीचाच प्रश्न तिथे होता. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, चौदाव्या अध्यायात पौल नेमकं हेच विचारतो, की तू काय बोललास हे ज्याला कळलंच नाही तो तुझ्या प्रार्थनेला आमेन कसं म्हणेल?

तो अख्खा अध्याय एकदा सावकाश वाचा, मोबाईलवर वाचा, दहा मिनिटं लागतात. पौल अन्य भाषांवर बंदी घालत नाही. उलट तो म्हणतो, मनाई करू नका. तो स्वतःही बोलतो असं सांगतो. पण नियम काय घालतो बघा. सभेत दोघांनी, फार तर तिघांनी बोलावं. तेही एकेकाने. कोणीतरी अर्थ सांगायलाच हवा. अर्थ सांगणारा नसेल तर सभेत गप्प राहावं, स्वतःशी आणि देवाशी बोलावं. आणि मंडळीत न कळणाऱ्या हजारो शब्दांपेक्षा कळतील असे पाच शब्द त्याला जास्त मोलाचे वाटतात. त्याआधी, बाराव्या अध्यायाच्या शेवटी तो विचारतो, सगळेच अन्य भाषा बोलतात का? प्रश्नाच्या सुरातच उत्तर आहे. नाही.

आता सांगा, आमच्या हॉलमध्ये यातला कुठला नियम पाळला गेला?

लोक म्हणतात, पण प्रेषितांच्या कृत्यांमध्ये पेन्टेकॉस्टच्या दिवशी झालं ना! झालं. पण तिथे काय झालं? वेगवेगळ्या देशांतून यरुशलेमला आलेल्या लोकांना आपापल्या भाषेत ऐकू आलं. म्हणजे तिथला चमत्कार कळण्याचा आहे.

मग 'अन्य भाषा नाही तर आत्मा नाही' हे आलं कुठून? हे फार जुनं नाही. १ जानेवारी १९०१ ला अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या टोपेका गावात, चार्ल्स पारहॅम यांच्या छोट्या बायबल शाळेत ॲग्नेस ओझमन नावाची विद्यार्थिनी अन्य भाषेत बोलली. लोकांना वाटलं ती चिनी बोलतेय. पारहॅम यांनी शिकवलं की आत्म्याच्या बाप्तिस्म्याची खूण म्हणजे हीच, आणि आता मिशनऱ्यांना भाषा शिकायची गरज नाही, देवच देईल. १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सेमूर यांच्या सभांमधून ही लाट जगभर गेली. काळे आणि गोरे तिथे एकत्र प्रार्थना करत होते, त्या काळातल्या अमेरिकेत ही लहान गोष्ट नव्हती, हेही सांगायला हवं.

तिथूनच आल्फ्रेड गार आणि त्यांची पत्नी लिलियन भारतात, कलकत्त्याला आले. गार यांना वाटत होतं की आपल्याला बंगाली भाषा दान मिळाली आहे. कलकत्त्यात कळलं की त्या भाषेत बंगाली माणसाला उपदेश करता येत नाही. गार यांनी अन्य भाषा सोडली नाही, पण तिचा उद्देश काय याबद्दलचं मत बदललं. मला या माणसाबद्दल आदर वाटतो. समोरच्याला कळत नाहीये हे त्याने निदान मान्य केलं.

आणि आता आपल्या घराजवळची गोष्ट. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगाव स्टेशन लागतं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. विधवा, दुष्काळातून वाचवलेल्या मुली, टाकून दिलेल्या बायका, अशा शेकडो जणींना रमाबाईंनी तिथे आसरा दिला. १९०५ च्या जूनअखेरीस तिथे मोठं संजीवन झालं. म्हणजे अझुसा स्ट्रीटच्या आधी! मुली रडत होत्या, पापं कबूल करत होत्या, सगळ्या एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत होत्या. पुढे १९०६ च्या अखेरीस काही जणी अन्य भाषांत बोलू लागल्या. या गोंगाटावर टीका झाली, मिशनऱ्यांकडूनही. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. आपल्या लोकांना आपल्या पद्धतीने रडू द्या, प्रार्थना करू द्या, अशी त्यांची भूमिका होती.

म्हणजे रमाबाई या सगळ्याच्या मधोमध होत्या. तरी त्या स्वतः अन्य भाषेत बोलल्या अशी नोंद नाही. आणि ही खूण प्रत्येकीला मिळालीच पाहिजे, असा आग्रहही त्यांनी धरला नाही. त्यांनी कुणाला उजवी-डावीकडे उभं केलं नाही.

मग त्याच वर्षांत त्या काय करत होत्या? हिब्रू आणि ग्रीक शिकत होत्या. संस्कृतमध्ये पंडिता ही पदवी मिळवलेली बाई पन्नाशीकडे झुकताना मूळ भाषांमधून बायबल मराठीत आणत होती. तेही साध्या मराठीत, कमी शिकलेल्या बाईला वाचता यावं म्हणून. मुक्तीच्या छापखान्यात बायकाच ते छापत होत्या. मरेपर्यंत हे काम चाललं. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, आणि ते बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

मला हे कळलं तेव्हा आजी आठवली. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं खर्च केली ती यासाठी, की माझ्या आजीसारख्या बाईला कळून आमेन म्हणता यावं.

काही जण विचारतील, विज्ञान काय म्हणतं? विल्यम सॅमरिन नावाच्या भाषातज्ज्ञाने १९७२ मध्ये यावर पुस्तक लिहिलं. त्याला आढळलं की या बोलण्याला भाषेसारखी लय असते, पण व्याकरण आणि अर्थ असलेली भाषा ती नसते. आवाजही बहुतेक बोलणाऱ्याच्या ओळखीच्याच भाषेतले. २००६ मध्ये अमेरिकेत अँड्र्यू न्यूबर्ग यांच्या गटाने असं बोलणाऱ्या पाच महिलांच्या मेंदूची तपासणी केली. मेंदूच्या पुढच्या भागातली, म्हणजे जिथून आपण स्वतःवर ताबा ठेवतो त्या भागातली हालचाल कमी झालेली दिसली. म्हणजे "मी बोलत नाही, आपोआप होतंय" असं त्यांना वाटतं ते नाटक नसावं. पण पाचच जणी होत्या, आणि हे देवाकडून आहे की नाही हे कुठलंच मशीन सांगत नाही.

म्हणून मी असं म्हणणार नाही की सगळे ढोंग करतात. मी ढोंग केलं, एवढंच मला नक्की माहीत आहे. माझी एक मावशी एकटी असताना, दार लावून असं बोलते. तिला त्यातून शांती मिळते. तिने मला कधीच विचारलं नाही की तुला येतं का. तिची टिंगल करणारे रील मी शेअर करत नाही, तुम्हीही करू नका. काही विद्वान म्हणतात की ही दानं प्रेषितांच्या काळाबरोबरच संपली. मी तिथपर्यंतही जात नाही. देव काय करू शकतो याला मी हद्द घालणार नाही.

माझा आक्षेप एकाच गोष्टीला आहे. दानाची परीक्षा करण्याला. दान मागून मिळत नाही, शिकवणी लावून तर नाहीच. आणि जिथे पास-नापास आलं, तिथे कॉपी आलीच. मी केली तशी.

म्हणून तुमच्या यूथ ग्रुपमध्ये कोणी दबाव आणला तर तीन साधे प्रश्न विचारा. उद्धटपणे नाही, नम्रपणे. एक, याचा अर्थ कोण सांगणार आहे? दोन, ज्याला येत नाही त्याला इथे मान आहे का? तीन, मी गप्प बसलो तर चालेल का? तिसऱ्याचं उत्तर "नाही" आलं, तर सरळ उठून पाणी प्यायला बाहेर जा. देव बाहेरही असतो.

शेवटचं. मागच्या वर्षी मी त्या मैत्रिणीला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "मला इतकी वर्षं वाटत होतं की देवाला मीच नको होते." मी माफी मागितली. ती चर्चला परत आलीय का? नाही. पण परवा तिच्या आईचं ऑपरेशन होतं, तेव्हा तिचा मेसेज आला, "प्रार्थना करशील का?" मी फोन लावला आणि साध्या मराठीत चार वाक्यं बोलले. पलीकडून हळू आवाजात आमेन आलं.

तुमच्या बाबतीत असं काही घडलं असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. नाव सांगायची गरज नाही. आणि तुमच्यामुळे कोणी डावीकडे उभं राहिलं असेल, तर आज त्याला फोन करा.

भेटू पुढच्या भागात. प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो.