रंधा चकचकीत नको, धारदार हवा

आज समुद्रपुरातून बोलतोय आणि विषय आहे रंधा. हो, सुताराचा रंधा. आपल्याकडं ज्याला वाढई म्हणतात, त्याच्या घरी माळ्यावर एखादा जुना रंधा हमखास पडलेला असतो. प्लायवूड आणि सनमायका आल्यापासून त्याचं काम कमी झालं. उरलेलं काम इलेक्ट्रिक रंध्यानं घेतलं. मग जुना गंजत पडतो आणि एक दिवस किलोच्या भावानं भंगारात जातो. तुमच्या घरचा जायच्या वाटेवर असेल, तर आधी हे ऐका.

रंधे दोन प्रकारचे. एक लाकडी. त्यात ठोकळा, पातं आणि पातं दाबून धरणारी पाचर, एवढंच. दुसरा लोखंडी, पितळी चाक फिरवून पातं खालीवर करायचा. ही रचना अमेरिकेतल्या लेनर्ड बेलीची. त्याची पेटंटं स्टॅनली कंपनीनं 1869 मध्ये घेतली आणि आजही बहुतेक लोखंडी रंधे त्याच वळणाचे बनतात. म्हणजे पणजोबांच्या काळातला रंधासुद्धा उघडायला तीच पद्धत लागते.

खोलण्याआधी मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो काढा. जोडताना कामी येतात. मग तडा बघा. लोखंडी रंध्याचं अंग बिडाचं असतं, पडलं की फुटतं. पातं जिथून बाहेर येतं त्या तोंडाजवळ मोठा तडा असेल, तर तो रंधा शोभेपुरताच राहिला समजा.

आता गंज. लोखंडी भाग सुटे करून रात्रभर साध्या व्हिनेगरमध्ये ठेवा. रात्रभरच हं, आठवडाभर नाही. व्हिनेगर लोखंडही खातं. सकाळी ब्रशनं घासा, खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, लगेच पुसून उन्हात वाळवा आणि शिलाई मशीनचं तेल लावा. लाकडी मुठी मात्र व्हिनेगरमध्ये टाकायच्या नाहीत. तळ सपाट करायला जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर रंधा घासायचा.

बरेच जण इथंच थांबतात. रंधा चमकतो, फोटो स्टेटसला जातो. पण बाप्पा, लाकूड चमकीनं नाही कापल्या जात! खरं काम पात्याचं.

आधी पात्याची पाठ, म्हणजे सपाट बाजू, धारेजवळ अगदी सपाट करा. ती खडबडीत असेल तर पुढून कितीही घासा, धार येत नाही. मग उतार साधारण 25 अंशांचा आणि शेवटची बारीक धार 30 अंशांची. मशीनच्या चाकावर घासत असाल तर पातं वारंवार पाण्यात बुडवा. कड निळी पडली की पोलादाचं पाणी उतरलं, मग धार टिकत नाही. शेवटचा हात धारेच्या दगडावर किंवा बारीक वॉटर पेपरवर.

पात्यावर बसणारी वाकडी पट्टी धारेपासून अर्धा मिलिमीटर मागं ठेवा. पातं अगदी थोडं बाहेर काढा. सागाच्या तुकड्यावर शिरेच्या दिशेनं रंधा मारा. कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल निघाली की जमलं. लाकूड उपटत असेल तर दिशा उलटी आहे किंवा धार बोथट.

लाकडी रंध्याला आपला उन्हाळा सोसत नाही. लाकूड वाळून आक्रसतं, पावसाळ्यात फुगतं. त्याला घाण्याचं जवसाचं तेल पातळ लावा आणि जास्तीचं पुसून घ्या. एक गोष्ट लक्षात ठेवा: त्या तेलाचा बोळा गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. वाळताना तो आतून तापतो आणि आपोआप पेटू शकतो. चिंधी पसरून बाहेर वाळत टाका. लोखंडी तळाला मेणबत्ती घासली की रंधा हलका चालतो.

1937 साली आपल्याच वर्ध्यात शिक्षण परिषद झाली आणि त्यातून नयी तालीम उभी राहिली. तिच्या अभ्यासक्रमात सुतारकामही होतं, ते हातानं शिकता शिकता डोकं चालावं म्हणून. आज ते शिकायला शाळा लागत नाही, गावातला एखादा म्हातारा वाढई पुरतो. पातं किती बाहेर आलंय हे तो तळावर बोट फिरवून सांगतो, रंध्याच्या आवाजावरून धार ओळखतो. हे कुठल्याच व्हिडिओत पुरतं मावत नाही. रंधा भंगारात गेला तर दुसरा मिळेल. असा म्हातारा गेला तर त्याच्याबरोबर हातातलं ज्ञानही जातं. म्हणून पातं घेऊन त्याच्याकडं जा, चहा पाजा आणि म्हणा, "काका, धार कशी लावता, दाखवा जरा."

आणि पहिलं काम काय करायचं? तान्ह्या पोळ्याला घरच्या पोरांच्या लाकडी बैलासाठी पाट रंधून द्या. त्यावर हात फिरवून पोरगं म्हणंल, "किती गुळगुळीत!" तेच तुमचं सर्टिफिकेट.

भेटू पुढच्या भागात. तोवर पातं कोरडं ठेवा!