मुलाचा मेंदू आणि आपली शाळा
(महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक-शिक्षक सभेंत धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं शाळेची स्तुति व्हावी हें योग्यच आहे. ती करणारे वक्ते माझ्या मागून येतील. मला मात्र, आपण शिकवितों तेव्हां मुलाच्या मेंदूंत काय घडतें, याविषयीं थोडें बोलावयाचें आहे. धर्मगुरूनें मेंदूची चर्चा करावी हें कोणास विचित्र वाटेल. परंतु बुद्धीला आपली सामग्री इंद्रियांच्या द्वारेंच मिळते, असें संत थॉमस अक्विनस यांनींच आम्हांला शिकविलें आहे. आत्मा अमर खरा; पण पाटी-पेन्सिल तो शरीराचीच वापरतो.

मेंदू हा निरनिराळ्या पेशींचा बनलेला आहे हें दाखविणारे स्पेनचे रामोन ई काखाल यांना १९०६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. या पेशी सुमारें ८,६०० कोटी आहेत. पुढें एरिक कँडेल यांनीं समुद्रांतील एका गोगलगाईवर प्रयोग करून असें सिद्ध केलें कीं, शिकणें म्हणजे पेशींमधील सांधे बळकट होणें. आणि कायमच्या स्मृतीसाठीं नवे सांधे फुटावे लागतात. त्यांना २००० सालीं तेंच पारितोषिक मिळालें. हे सांधे एका बैठकींत घट्ट होत नाहींत. मध्यें अवकाश सोडून तीच गोष्ट पुन्हां पुन्हां करावी लागते.

आतां गंमत अशी कीं, येशूसंघीयांच्या १५९९ सालच्या शिक्षणनियमांत रोजची उजळणी आणि शनिवारीं सबंध आठवड्याची उजळणी सांगितलेली आहे. त्यांच्यापाशीं सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हतें; मुलें होतीं! आपल्या जुन्या पंतोजींचे पाढे हेहि त्याच जातीचे. मात्र घोकणें आणि आठवणें यांत भेद आहे. २००६ सालीं अमेरिकेंत रोडिगर व कार्पिकी यांनीं कांहीं विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हां वाचावयास दिला, आणि कांहींना पुस्तक मिटून तो आठवून लिहावयास लावला. पांच मिनिटांनंतर वाचणारे सरस ठरले, आठवड्यानंतर आठवणारे. म्हणून शिक्षकांनीं “पुन्हां वाचा” असें म्हणण्यापेक्षां “पुस्तक मिटा आणि सांगा” असें म्हणावें. धर्मशिक्षणाच्या वर्गालाहि हेंच लागू आहे.

छडीचा प्रश्न याहून गंभीर आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आहे. तरी “भीतीवांचून विद्या नाहीं” असें म्हणणारे पालक मला आजहि भेटतात. संत ऑगस्टीन आपल्या आत्मनिवेदनांत सांगतात कीं, शाळेंत मार बसूं नये म्हणून ते बालपणीं देवाची प्रार्थना करीत. लॅटिन भाषा त्यांना दाईच्या लाडांत व हास्यविनोदांत सहज आली. ग्रीक धाकानें शिकविली, तिचा त्यांना तिटकारा आला. आज शास्त्र त्याचें कारण सांगतें. भय वाटलें कीं शरीरांत अशीं द्रव्यें स्रवतात कीं कपाळामागचा विचार करणारा भाग मंदावतो. मुलाला छडी उत्तम स्मरते. गणित स्मरत नाहीं.

आणि भाषा. बोलणें मूल आपोआप शिकतें, वाचणें तसें नव्हे. स्तानिस्लास देहान या फ्रेंच शास्त्रज्ञांच्या मतें, वस्तु ओळखणाऱ्या मेंदूच्या एका भागाला अक्षरें ओळखण्याचें नवें काम शिकवावें लागतें, आणि तीं अक्षरें कानाला परिचित असलेल्या शब्दांशीं जोडावीं लागतात. वैजापूर-गंगापूरकडील खेड्यांतून येणाऱ्या ज्या मुलाच्या घरीं इंग्रजीचा एक शब्द कानीं पडत नाहीं, त्याला आपण पहिल्याच दिवशीं इंग्रजी पुस्तक दिलें तर त्यानें तें कशाशीं जोडावें? मग त्याला आपण मठ्ठ म्हणतों. दोन वर्षांनीं तें आईबापांबरोबर ऊसतोडीला जातें आणि परत वर्गांत येत नाहीं. त्या मुलाच्या मेंदूंत कांहींच उणें नव्हतें. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंहि शक्य तेथें निदान पांचवीपर्यंत मातृभाषेचा आग्रह धरला आहे. इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनीं १६१६ सालीं ख्रिस्तपुराण मराठींत छापविलें. आपण मात्र स्वतःच्या मुलांशीं मोडक्या इंग्रजींत बोलूं लागलों आहों. इंग्रजी अवश्य शिकावी, पण मराठीच्या खांद्यावर उभें राहून.

एक इशारा द्यावासा वाटतो. मेंदूच्या नांवावर बाजारहि मांडला गेला आहे. मेंदूचा मध्यभाग “जागृत” करून डोळ्यांवर पट्टी बांधून वाचावयास शिकवूं, असें सांगणाऱ्या वर्गांना हजारों रुपये देऊं नका. पट्टीच्या फटींतून पाहण्यास मेंदू जागृत करावा लागत नाहीं. अमुक मूल डाव्या मेंदूचें, तमुक उजव्या मेंदूचें, असल्या वर्गवारीलाहि शास्त्राचा आधार नाहीं.

शेवटीं झोपेविषयीं. दिवसा शिकलेलें झोपेंत पक्कें होतें. लग्नसराईंतील जागरण आणि उशाशीं असलेला मोबाईल हे दोन्ही अभ्यासाचे चोर आहेत. म्हणून शाळासमितीला माझी विनंति आहे कीं, वसतिगृहांतील रात्रींचा अभ्यास साडेनऊला थांबवावा, आणि शनिवारचा शेवटचा तास पुस्तकें मिटून उजळणी करण्यास राखावा. याचा आरंभ येत्या जून महिन्यापासून व्हावा.