चाँदपोल ते बडी चौपड : एका छंदाची कैफियत



सुवर्णमहोत्सवाच्या या व्यासपीठावरून साहित्य, संगीत आणि इतिहास यांवर अधिकारी मंडळी बोलत असतात. आमच्यापाशी तसा कोणताही अधिकार नाही. आम्ही साधे बी. ए. झालेले, केंद्र सरकारच्या सेवेत फायली चाळीत पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ. मात्र आम्हांला एक छंद आहे. ज्या गावी बदली होईल, तेथील बसचे मार्ग आणि रेल्वेची स्थानके पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत, काहीही काम नसताना, हिंडून पाहावयाची आणि घरी येऊन वहीत प्रत्येकावर शेरा लिहावयाचा. यातील ‘काम नसताना’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कामासाठी निघालेला मनुष्य घड्याळाकडे पाहतो. बिनकामाचा मनुष्य खिडकीबाहेर पाहतो.

हा छंद जगावेगळा आहे असे कोणी समजू नये. लंडनच्या भुयारी रेल्वेची सर्व स्थानके एका दिवसात पाहून येणारी मंडळी आहेत आणि त्यांचे विक्रम १९५९ पासून नोंदले गेलेले आहेत. आमची मात्र कोणाशीही शर्यत नाही. आमचे प्रश्न चारच असतात. स्थानकाला हे नाव का मिळाले? बाहेर पडल्यावर पहिली वस्तू कोणती दिसते? येथे कोण चढते व कोण उतरते? आणि वाट चुकलेल्या परक्याला येथे कोणी वाट सांगते काय? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की त्या गावाशी आपली निम्मी ओळख झालीच म्हणावयाची.

आज आपल्या जयपूरच्या चारदीवारीपुरतेच बोलू. महाराजा सवाई जयसिंह यांनी १८ नोव्हेंबर १७२७ रोजी या नगराची स्थापना केली. आखणीत विद्याधर भट्टाचार्य यांचा मोठा वाटा होता. नऊ चौकड्यांच्या या आराखड्याचा कणा म्हणजे पश्चिमेच्या चाँदपोलपासून पूर्वेच्या सूरजपोलपर्यंत सरळ गेलेला राजरस्ता. पोल म्हणजे वेस. एका टोकाला चंद्राची वेस, दुसऱ्या टोकाला सूर्याची, आणि मधे तीन चौपडी : छोटी चौपड, बडी चौपड आणि रामगंज चौपड. नकाशाशिवाय ज्यात चुकणे कठीण, असे हे शहर आहे. २०१९ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा मान दिला.

आता गंमत पाहा. मेट्रोचा पहिला टप्पा मानसरोवरपासून चाँदपोलपर्यंत ३ जून २०१५ रोजी सुरू झाला. तो बहुतांशी उंच खांबांवरून येतो. सिंधी कॅम्प सोडल्यावर गाडी भूमीत शिरते आणि चाँदपोलचे स्थानक जमिनीखाली लागते. पुढे चारदीवारीत खांब उभे करणे शक्यच नव्हते. त्या गुलाबी दर्शनी भिंतींची शोभा त्यात हरवली असती. म्हणून बोगदा खणून गाडी चाँदपोलच्या वेशीखालून आत नेली, आणि २३ सप्टेंबर २०२० पासून ती छोटी चौपड व बडी चौपड येथे थांबू लागली. जयसिंहांच्या आखणीला तीन शतके होत आली. तरी नव्या काळाच्या अभियंत्यांना गाडीसाठी तोच रस्ता आणि थांब्यांसाठी त्याच चौपडी घ्याव्या लागल्या. चांगल्या आखणीला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

वहीत जमेबरोबर खर्चाची बाजूही मांडावी लागते. हा आतला तुकडा अडीच किलोमीटरही भरत नाही. पण सप्टेंबर २०१३ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि पहिली गाडी धावावयास सात वर्षे लागली. मार्गासाठी काही देवळे हलविली गेल्यावरून २०१५ मध्ये शहरात मोठे आंदोलन झाले. जुन्या नगराखालून नवी वाट काढणे कधीच फुकट होत नाही. पुण्यात कसबा पेठ आणि मंडई यांच्या खालून २०२४ मध्ये मेट्रो धावू लागली. तेव्हा हा प्रश्न केवळ जयपूरचा नाही, हे आपल्या पुणेकरांनाही पटेल.

आता आमचे शेरे. छोटी चौपड : या स्थानकावर घाईने उतरू नये. खोदकामात दोन्ही चौपडींखाली जुनी कुंडे सापडली. एकेकाळी भूमिगत पाटांनी आणलेले पाणी या कुंडांत पडे, आणि नगरातील लोक येथे घागरी भरीत. पुढे नळ आले, कुंडे बुजली आणि लोक त्यांना विसरले. आगगाडीसाठी खणावयास गेलेल्यांच्या हाती अशा रीतीने पाण्याचा इतिहास लागला. बडी चौपड : येथे वर येताच एका हाताला जौहरी बाजार, दुसऱ्या हाताला हवामहालाकडे जाणारा रस्ता. आमच्या चौथ्या प्रश्नाला येथे पूर्ण गुण. वाट विचारावी, तर तीन माणसे एकदम सांगू लागतात, आणि तिघांची वाट निराळी असली तरी मुक्काम एकच असतो. गाडी मात्र अद्याप येथेच थांबते. पुढे रामगंजवरून ट्रान्सपोर्ट नगरपर्यंत मार्ग नेण्याची योजना आहे. त्यामुळे चंद्राच्या वेशीतून निघालेल्याने सूर्याच्या वेशीपर्यंतचा उरलेला रस्ता ई-रिक्षाने किंवा पायी काटावा. आमच्या मते पायीच काटावा.

या दोन चौपडींच्या मधे त्रिपोलिया बाजार आहे. तेथे वर पाहिले की ईसरलाट हा सात मजली मनोरा दिसतो. महाराजा ईश्वरीसिंह यांनी आपल्या विजयाची खूण म्हणून तो १७४९ मध्ये उभारला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १७५० मध्ये, मल्हारराव होळकरांची फौज खंडणीसाठी जयपूरवर चालून आली असता याच ईश्वरीसिंहांनी आपला अंत करून घेतला. त्यानंतर महिना उलटतो न उलटतो तोच, जानेवारी १७५१ मध्ये, हे नवे नगर पाहावयास आत आलेल्या मराठ्यांवर शहर उलटले. वेशी बंद झाल्या, आणि हजारांवर माणसे मारली गेली. हे सांगताना आम्ही कोणाचा कैवार घेत नाही. खंडणीचा जाच इकडे होता, आणि शहर पाहण्याच्या हौसेने आलेल्यांचे मरण तिकडे होते. परंतु या रस्त्यावर हौसेने हिंडणारी पहिली मराठी माणसे आम्ही नव्हेत, एवढे भान हवे. त्यांच्यावर ज्या नगराच्या वेशी मिटल्या, त्याच नगराच्या वेशीखालून आज आपली मुले पाठीवर दप्तरे घेऊन ये-जा करतात. कोणी त्यांना नाव-गाव विचारीत नाही.

बंधुभगिनींनो, आपण बहुतेक बदलीची माणसे. ‘गाव कोणते?’ असे विचारले की आपण सातारा, नागपूर किंवा रत्नागिरी सांगतो. मुले मात्र क्षणभर थांबतात. कारण त्यांनी ते गाव सुटीपुरतेच पाहिलेले असते, आणि ज्या गावात ती वाढली, त्याला ‘आपले’ म्हणावयास आपणच त्यांना शिकविलेले नसते. घर, कार्यालय, बाजार आणि मंडळ या चार खुंट्यांना बांधलेले आपले जयपूर फार लहान असते. महाराष्ट्राचे प्रेम त्याने वाढत नाही, आणि जयपूरही हाती लागत नाही. गावावरचा हक्क सातबाऱ्याच्या उताऱ्यानेच मिळतो असे नाही. त्या गावच्या वाटा पायांना ठाऊक झाल्या की थोडा हक्क आपोआप येतो.

म्हणून मंडळाला एक नम्र सूचना करून थांबतो. दर महिन्याच्या एका रविवारी चार-सहा कुटुंबांनी, काहीही काम नसताना, एक मार्ग शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन पाहावा. मुलांच्या हाती वही द्यावी आणि शेरे त्यांनाच लिहू द्यावेत, तेही मराठीत. म्हणजे परके शहर आपले होईल आणि आपली भाषा परकी होणार नाही. एका तिकिटात दोन प्रवास घडतील. सरकारी माणसाला याहून काटकसरीची योजना सुचणे कठीण आहे.