सेवेचा हेतू
(रुग्णालयाच्या वार्षिक दिनी प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वाणिज्य शाखेच्या पदवीधराकडून आपण जमाखर्चाची अपेक्षा करता, आणि तो या अहवालात अन्यत्र दिलेला आहेच. परंतु ताळेबंदात न मांडता येणारी एक बाब आज आपल्यापुढे ठेवावी, असे आमच्या मनात आहे. ती बाब म्हणजे हे सारे कशासाठी, हा प्रश्न.

या प्रश्नाशी जन्मभर झुंजलेली एक विदुषी आपल्याच भूमीत होऊन गेली. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. दुष्काळात अन्नान्न दशा होऊन आईवडील व थोरली बहीण गेली. पुढे भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पतीही. पदरी तान्ही मनोरमा. वैद्यकीय शिक्षण घ्यावे म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. परंतु श्रवणदोषामुळे तो मार्ग बंद झाला. ज्या हेतूने समुद्र ओलांडला, तोच हातून निसटला.

तेथील ख्रिस्ती भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील आपला आश्रम दाखविला. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथे मायेने वागविले जाई. ही माया येते कोठून, असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा त्यांना विहिरीकाठी शोमरोनी स्त्रीशी बोलणाऱ्या प्रभू येशूची कथा वाचावयास मिळाली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तथापि धर्म स्वीकारला तरी खुद्द ख्रिस्त आपणांस गवसला नव्हता, ती ओळख पुढे काही वर्षांनी पटली, असे त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात प्रांजळपणे नमूद केले आहे.

हेतू मात्र गवसला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले व पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन निराधार मुलींना घेऊन आल्या, आणि केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिले. ते आजही चालू आहे. उपाशी मरणारी माणसे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिली होती. विश्वासाने त्या दुःखास कामास लाविले. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. तरी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबल मराठीत आणण्याचे काम त्यांनी हातावेगळे केले, आणि १९२२ मध्ये त्यांनी देह ठेवला.

हे सारे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. ख्रिस्ती घरात वाढल्यामुळे प्रार्थना पाठ होत्या. परंतु त्यांचा अर्थ आम्हांस कळला तो या रुग्णालयाच्या बिल खिडकीवर, तोही आमच्याच चुकीमुळे.

काही वर्षांपूर्वी एक वृद्ध शेतकरी पत्नीस घेऊन आले. सवलतीसाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला त्यांच्याजवळ नव्हता. उपचार चालू होते, त्यांत खंड पडला नाही. नियमावर बोट ठेवून आम्ही त्यांना सांगितले, "बाबा, तहसील कचेरीतून दाखला आणा, मग पाहू." ते गेले. तिसऱ्या दिवशी दाखला घेऊन परतले, तेव्हा पत्नी आदल्या रात्रीच निवर्तली होती. त्यांनी दाखला आमच्या मेजावर ठेवला आणि एवढेच विचारले, "साहेब, तिनं माझं नाव घेतलं होतं का?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. वहीतील प्रत्येक नोंद बरोबर होती. त्या रात्री विहिरीकाठची कथा आम्ही पुन्हा वाचली. प्रभूने त्या स्त्रीकडे पाणी मागितले. दाखला मागितला नाही.

बंधू-भगिनींनो, कायदा आवश्यकच आहे. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्यात आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी, ही २००६ पासूनची योजना आहे व तिचे पालन झालेच पाहिजे. परंतु टक्केवारी खाट देते. त्या खाटेशेजारी कोणी बसावे, हे ती सांगत नाही. ते सांगणारा दुसराच कोणी असतो. आम्ही त्यास ख्रिस्त म्हणतो. आपण अन्य नावाने हाक मारीत असाल, तरी या दारात आपण एकाच कामासाठी उभे आहोत.

त्या प्रसंगानंतर विश्वस्त मंडळाच्या संमतीने आम्ही पद्धत बदलली. कागदपत्रांसाठी आता आमचा समाजसेवा विभाग धावपळ करतो. नातेवाइकाने रुग्णाजवळ राहावे. आपल्या देणगीचा काही अंश या धावपळीवर खर्च होतो. तो खर्च हिशेबात 'प्रवास व किरकोळ' या सदरात दिसेल. रक्कम लहान आहे. पण या वर्षीच्या साऱ्या नोंदींत आम्हांस सर्वाधिक समाधान देणारी नोंद तीच आहे.

त्या वृद्ध गृहस्थांचे ऋण फिटणारे नाही. ते आमच्या खाती कायम राहो, म्हणजे हेतूचा विसर पडणार नाही.

 प्रभू आपले कल्याण करो.