दोन तोंडे आणि एक दिशा



वारूळवाडीहून पूर्वेकडे, खोडदच्या बाजूला निघाले की शेतांपलीकडे तारेच्या जाळीच्या प्रचंड तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली ही रेडिओ दुर्बीण. 45 मीटर व्यासाच्या अशा 30 तबकड्या. काही एकमेकींजवळ, तर काही पार 25 किलोमीटरांच्या टापूत विखुरलेल्या. दूरच्या दीर्घिकांतून आलेल्या लहरी त्या टिपतात आणि काचतंतूंच्या केबलींमधून मधल्या इमारतीत पोचवतात.

गेल्या वर्षी 28 फेब्रुवारीला, म्हणजे विज्ञानदिनी, या दुर्बिणीची चित्रे दाखवायला मी याच परिसरातल्या एका शाळेत गेलो होतो. लॅपटॉप माझा, मॉनिटर शाळेचा. लॅपटॉपला एचडीएमआयचे तोंड, मॉनिटर जुना, म्हणून त्याला व्हीजीएचे. ते मला ठाऊक होते, म्हणून वाटेत एक अ‍ॅडॅप्टर घेतला. शाळेत सगळे जोडले. प्रत्येक पिन आपापल्या जागी चपखल बसली, आणि पडदा मात्र कोरा! साठ मुले वाट पाहत बसली. अर्ध्या तासाने वीज गेली आणि प्रश्नच मिटला. दुर्बीण दाराशी, आणि मुलांना तिचे एक चित्रही दाखवता आले नाही.

चूक कोणाची? माझीच. अ‍ॅडॅप्टरवर लिहिले होते ‘व्हीजीए टू एचडीएमआय’. मला हवा होता ‘एचडीएमआय टू व्हीजीए’. शब्द तेच, क्रम उलटा. आता तुम्ही म्हणाल, तार ती तार, तिला कसली आली दिशा? तर तेच आज सांगायचे आहे.

आपल्याकडे विहिरीवरच्या पाइपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतात. त्याच्या अंगावर बाण कोरलेला असतो. उलटा बसवला तरी आटे बरोबर बसतात, पण पाणी काही पुढे जात नाही. अ‍ॅडॅप्टरचेही तसेच आहे. चित्र नेहमी लॅपटॉपकडून मॉनिटरकडे जाते. म्हणून नाव वाचताना आधी लॅपटॉपचे तोंड आणि मग मॉनिटरचे, हा क्रम बघावा.

शिवाय या दोन जातींची भाषाही निराळी. व्हीजीए 1987 सालची. ती चित्र कमी-जास्त होणाऱ्या विद्युतदाबाच्या रूपात पाठवते. एचडीएमआय 2002 सालची, ती आकड्यांच्या रूपात पाठवते. तेव्हा मधला अ‍ॅडॅप्टर हा नुसता सांधा नव्हे, तो दुभाषी आहे. त्याच्या पोटात एक लहानसे यंत्र असते. इंग्रजीचे मराठी करणाऱ्याला मराठीचे इंग्रजी येईलच असे नाही, तसेच याचेही. ज्या तारेत असे यंत्रच नाही, ती एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीए असूनही अशा कामी बहुधा येत नाही.

आता तोंडे ओळखायची कशी? तीन ओळींत पंधरा भोके, दोन्ही बाजूंना स्क्रू आणि बहुधा निळा रंग, ती व्हीजीए. चपटे, खालचे दोन्ही कोपरे आत घेतलेले, ते एचडीएमआय. जवळजवळ तसेच, पण एकच कोपरा कापलेला, ते डिस्प्लेपोर्ट. त्याला पुष्कळदा खटका असतो, तो दाबल्याशिवाय ओढू नये. आणि लहान, लांबट गोल, कसेही घातले तरी बसणारे, ते यूएसबी-सी.

या शेवटच्यापासून जरा सांभाळून. दिसते तसे नसते! यूएसबी-सीच्या प्रत्येक तोंडातून चित्र बाहेर पडतेच असे नाही. काही तोंडे नुसती चार्जिंगची आणि माहिती नेण्या-आणण्याची असतात. लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत त्या तोंडाला डिस्प्लेपोर्टची सोय असल्याचा उल्लेख आहे का, ते आधी पाहावे. मोबाईलची चार्जिंगची तार येथे चालेल असेही धरून चालू नये.

आवाजाचेही ध्यानात ठेवा. एचडीएमआय चित्राबरोबर आवाज नेते, व्हीजीए नेत नाही. तेव्हा व्हीजीएचा मॉनिटर असेल, तर स्पीकर लॅपटॉपलाच वेगळा जोडावा.

दुकानात महागड्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या तारा दाखवतील. वर्गातल्या 1920 बाय 1080 बिंदूंच्या नेहमीच्या मॉनिटरला दोन-तीन मीटरची साधी, धड एचडीएमआय तार पुरते. आकड्यांचे चित्र मुलाम्याने अधिक सुरेख होत नाही. तार बिघडली तर ते तुटते, लुकलुकते किंवा नाहीसे होते. मात्र उगाच लांब तार घेऊ नये. लांबी वाढली की खोड्या सुरू होतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेचा पैसा गावाचा असतो. म्हणून बाजारात जाण्यापूर्वी दोन्ही तोंडांचे फोटो मोबाईलवर काढा. चिठ्ठीवर लिहा: येथून, येथपर्यंत. दुकानदाराला तीच दाखवा, आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी शाळेत जोडून बघा. जोडूनही पडदा कोरा राहिला, तर तार फेकू नका. मॉनिटरच्या बटणाने योग्य तोंड निवडले आहे ना, ते पाहा. विंडोजच्या लॅपटॉपवर विंडोजचे बटण आणि ‘पी’ एकदम दाबा, आणि दोन्हीकडे तेच चित्र हवे, असे सांगा.

यंदा मी त्याच शाळेत पुन्हा गेलो, चिठ्ठी करून. दिवे मालवले, पडदा उजळला आणि तबकड्या दिसल्या. मागच्या बाकावरचा एक मुलगा ओरडला, “सर, ही तर आमच्या वावरातून दिसते!”

त्या एका वाक्यासाठी एवढी खटपट करावी, असे मला वाटते.